शिब्बोलेथपासून शब्बाथपर्यंत

दर बारा कोसांवर भाषा बदलते, असे आपली कोकणातील वडीलधारी माणसे म्हणत. पेणचा माणूस अलिबागेस गेला, अलिबागचा रेवदंड्यास गेला, की दोन वाक्ये बोलताच तो परगावचा आहे हे ऐकणाऱ्यास कळत असे. त्यात कोणास कमीपणा वाटत नसे. गावाचे नाव जसे आडनावात होते, तसेच ते जिभेवरही होते. परंतु तोच माणूस बारा कोसांऐवजी बाराशे कोस ओलांडून परक्या मुलखात येतो, तेव्हा त्याच्या उच्चाराला निराळीच किंमत येते. ऐकणारा नुसते गाव ओळखून थांबत नाही. तो त्या माणसाचे शिक्षण, त्याची बुद्धी, त्याची पत, कित्येकदा त्याचे कूळसुद्धा मनाशी ठरवून मोकळा होतो.

हे केव्हापासून घडत आले आहे, आणि त्यात सत्य किती व समजूत किती, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे. विषय साऱ्या जगाचा आहे. पण त्याचा आरंभ आपल्याच पवित्र शास्त्रात आहे, आणि त्याची झळ आपल्या घरापर्यंत पोहोचलेली आहे.

यार्देनेचा उतार

शास्त्यांच्या पुस्तकाच्या १२व्या अध्यायातील हकीकत वाचकांच्या स्मरणात असेलच. इफ्ताह या सरदाराच्या गिलादी लोकांनी एफ्राईम वंशाच्या लोकांचा पराभव केला आणि यार्देन नदीचे उतार रोखून धरले. पळून जाणारा एखादा एफ्राईमी उताराशी आला व पलीकडे जाऊ द्या म्हणाला, की पहारेकरी त्याला विचारीत, तू एफ्राईमी आहेस काय? तो नाही म्हणाला, की ते त्याला एकच शब्द उच्चारावयास सांगत : शिब्बोलेथ. या शब्दाचा अर्थ धान्याचे कणीस. पाण्याचा ओघ असाही त्याचा एक अर्थ होतो. एफ्राईमी माणसाच्या तोंडून ‘सिब्बोलेथ’ येई. तेवढ्यावर त्याला धरून त्याचा वध करीत. त्या युद्धात ४२,००० एफ्राईमी पडले असे शास्त्र सांगते.

या कथेत एक गोष्ट विशेष ध्यानात धरण्यासारखी आहे. दोन्हीही बाजूंचे लोक इस्राएलाचेच पुत्र होते. देव एक, पूर्वज एक, भाषाही एक. चेहऱ्यावरून वा पेहरावावरून ओळखता येईल असा फरक त्यांच्यात नव्हता, म्हणूनच तर ही परीक्षा योजावी लागली. ‘श’ आणि ‘स’ यांच्यामध्ये जेवढे अंतर, तेवढेच त्या दोन कुळांमध्ये शिल्लक राहिले होते. आणि तेवढे अंतर प्राण घेण्यास पुरेसे ठरले.

शिक्षकाच्या दृष्टीने यात आणखी एक बोध आहे. एफ्राईमी माणसाने जीव वाचविण्यासाठी आपले कूळ नाकारले. पण त्याला आपली जीभ नाकारता आली नाही. बाळपणी जे ध्वनी कानावर पडतात, त्यांच्याच घडणीत जीभ तयार होते. मोठेपणी नवे शब्द हजारांनी पाठ करता येतात, नवे व्याकरणही शिकता येते. नवा ध्वनी मात्र मोठ्या कष्टाने येतो, आणि घाईच्या किंवा भीतीच्या क्षणी जुनाच ध्वनी तोंडून निसटतो. हा बुद्धीचा दोष नव्हे. ती शरीराला लागलेली सवय आहे.

पुढील काळातही ‘श’ आणि ‘स’ यांनी आपल्या लोकांची पाठ सोडली नाही. पूर्व युरोपातील यिद्दीश बोलणाऱ्या यहुद्यांपैकी लिथुएनियाच्या बाजूच्या कित्येकांच्या बोलीत या दोन ध्वनींची सरमिसळ होत असे. शब्बाथला इतर अश्केनाझी ‘शाबेस’ म्हणत, हे लोक ‘साबेस’ म्हणत. पोलंडकडील यहुदी त्यावरून त्यांची थट्टा करीत, आणि त्या बोलीला थट्टेचे नावही पडले होते. मराठीतही तीच तऱ्हा आहे. ‘शाळा’ म्हणणारा शिकलेला आणि ‘साळा’ म्हणणारा अडाणी, असे आपण एका अक्षरावरून ठरवून टाकतो. शाळेत जाऊन आलेला माणूसही ‘साळा’ म्हणू शकतो, हे कोणाच्या मनात येत नाही.

गालीलकर आणि रब्बी हिय्या

तालमूदमध्ये या विषयाचे दाखले अनेक आहेत. एरुवीन या ग्रंथभागात यहूदा प्रांताचे लोक आणि गालील प्रांताचे लोक यांची तुलना केलेली आहे. यहूदाचे लोक भाषेच्या बाबतीत काटेकोर होते, म्हणून त्यांच्याजवळ विद्या टिकली. गालीलचे लोक तसे नव्हते, म्हणून टिकली नाही, असा तेथे अभिप्राय आहे. पाठोपाठ एक विनोदी प्रसंग येतो. एक गालीलकर बाजारात ‘अमार कोणाकडे आहे?’ असे विचारीत फिरतो. लोक त्याला मूर्ख ठरवून उलट विचारतात : तुला काय हवे, बसायला गाढव, प्यायला द्राक्षारस, अंगावर घ्यायला लोकर, की कापायला कोकरू? आरामी भाषेत हे चारही शब्द जवळजवळ सारखे आहेत. ‘हेत’, ‘आयिन’ आणि ‘आलेफ’ ही अक्षरे नीट उच्चारली तरच त्यांतील भेद कळतो. गालीलकराच्या तोंडी ती सगळी एकसारखीच होत.

मेगिल्ला या ग्रंथभागात याहून कडक नियम आढळतो. बेथ-शआन, हैफा आणि तिवोन येथील माणसांना प्रार्थना चालविण्यास पुढे उभे करू नये, कारण ते आलेफच्या जागी आयिन आणि आयिनच्या जागी आलेफ म्हणतात. म्हणजे गावच्या उच्चारामुळे हझानचा मान जाई.

पण याच पानावर एक दुसरी हकीकत आहे, आणि ती आपण विसरू नये. रब्बी हिय्या हे बाबेलातून इस्रायल भूमीत आलेले, म्हणजे आजच्या भाषेत ‘ओले हदाश’. त्यांनी एकदा रब्बी यहूदा हन्नासी यांचे पुत्र शिमोन यांना म्हटले, तू लेवी असतास तर तुझ्या जाड आवाजामुळे तुला सेवेला उभे करता आले नसते. पुत्राने ते पित्याच्या कानावर घातले. पित्याने प्रत्युत्तर शिकवून पाठविले : हिय्याला सांग, यशायाच्या ग्रंथात ‘मी परमेश्वराची वाट पाहीन’ या अर्थाचा शब्द येतो, तेथे तुझ्या तोंडून निंदाच होते की नाही? रब्बी हिय्यांना ‘हेत’ नीट म्हणता येत नसे. त्यांच्या तोंडी त्याचा साधा ‘हे’ होई, आणि ‘वाट पाहीन’चे ‘मारीन’ होऊन बसे.

थट्टा तेवढ्यावर संपली. त्या थट्टेमुळे रब्बी हिय्यांची योग्यता कमी झाली नाही. बावा मेत्सिया या ग्रंथभागात त्यांचे एक कार्य वर्णिले आहे. त्यांनी ताग पेरला, त्याच्या तंतूंची जाळी विणली, त्या जाळ्यांत हरणे धरली, त्यांचे मांस अनाथांना दिले आणि कातड्यांवर तोराचे पाच ग्रंथ लिहिले. मग जेथे मुलांना शिक्षक नव्हता अशा गावी जाऊन पाच मुलांना पाच ग्रंथ आणि सहा मुलांना मिश्नाचे सहा भाग शिकविले, आणि मी परत येईपर्यंत एकमेकांना शिकवा असे त्यांना सांगितले. तोरा विसरली जाऊ नये म्हणून केलेली ही खटपट होती. हे ऐकून त्याच रब्बी यहूदा हन्नासींनी हिय्याची कृत्ये किती थोर, असे उद्गार काढले. ज्याचा ‘हेत’ लंगडा, त्याच माणसाने विद्या तारली. उच्चारावरून माणसाची पारख करणाऱ्याने दोन्हीही हकीकती एकत्र वाचाव्यात.

पानी आणि पाणी

आता आपल्या मायबोलीकडे वळू. १९व्या शतकाच्या आरंभापर्यंत मराठीत बोली अनेक होत्या, पण सर्वांनी मानावी अशी छापील मराठी नव्हती. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला, १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण आले, सरकारी शाळा वाढल्या, क्रमिक पुस्तके तयार झाली. या साऱ्या कामात पुण्याकडील शिकलेल्या वर्गाची भाषा हीच नमुना म्हणून धरली गेली. नमुना कोणता तरी धरावा लागतोच, त्याशिवाय शाळा चालत नाही. पण एकदा तो धरला, की बाकीच्या बोलींना ‘निराळ्या’ न म्हणता ‘अशुद्ध’ म्हणण्याची सवय लागते. ट्रेनिंग कॉलेजात आम्हां शिक्षकांकडून ‘ण’ आणि ‘न’, ‘ळ’ आणि ‘ल’ यांची उजळणी करून घेत, ती याच कारणासाठी.

आपले पूर्वज ज्या कुलाबा जिल्ह्यात शतकानुशतके तेलाचे घाणे चालवीत राहिले, त्या किनाऱ्यावरील आगरी-कोळी शेजाऱ्यांच्या बोलीत ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘डोळा’चा ‘डोला’ होतो. शेजारधर्माने ती लकब आपल्याही कित्येक घरांत होती. शनवार तेली शनिवारी घाणा बंद ठेवतो, एवढ्यावरून तो ओळखू येई. बोलण्यावरून तो चार शेजाऱ्यांसारखाच होता. मुंबईत आल्यावर मात्र त्या ‘पानी’ला लोक हसू लागले. येथे एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. हिंदी भाषेत ‘पानी’ हाच शुद्ध शब्द आहे. दिल्लीचा पंडितही ‘पानी’च म्हणतो, आणि त्याला कोणी गावंढळ म्हणत नाही. मग अलिबागच्या कोळणीने म्हटलेला तोच शब्द हलका कसा? ध्वनी एकच, फरक पडला तो बोलणाऱ्याच्या पायरीमुळे.

आपल्या समाजाने या परिस्थितीतून आपली वाट काढली. मुंबईच्या शाळांतून, आणि पुढे हाईम सॅम्युएल केहीमकर प्रभृतींच्या खटपटीने १८७५ मध्ये निघालेल्या इस्राएली शाळेतून, मुले ग्रांथिक मराठी शिकली. जोसेफ एझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे इतक्या शुद्ध भाषेत केली, की त्यांत बोट ठेवण्यास जागा नाही. अशा रीतीने आपल्या घरांत दोन मराठी नांदू लागल्या : एक पुस्तकातली, दुसरी चुलीपुढची. पहिलीचा आपण अभिमान धरला आणि दुसरीची लाज. पहिली आज ग्रंथांत सुरक्षित आहे. दुसरी कोणी लिहून ठेवली नाही.

महाराष्ट्रातही पुढे काळ पालटला. खानदेशातील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्यांच्या कविता प्रसिद्ध झाल्या आणि ज्या बोलीला शहरी लोक नाके मुरडीत, तिच्यात केवढे शहाणपण आहे हे साऱ्यांना कळले. मालवणी बोलीचेही तसेच झाले. मुंबईच्या रंगभूमीवर ती बहुधा घरगड्याच्या तोंडी, हशा मिळविण्यापुरती येई. १९८० मध्ये गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ मच्छिंद्र कांबळी यांनी रंगमंचावर आणले, त्याचे पाच हजारांवर प्रयोग झाले, आणि मालवणी माणूस नाट्यगृहात ताठ मानेने बसू लागला. बोली तीच होती. ती बोलणारे पात्र गड्याच्या जागेवरून नायकाच्या जागी आले, तेव्हा ऐकणाऱ्यांचे कान बदलले.

हिब्रूचा नवा उच्चार

एलिएझर बेन-येहुदा १८८१ मध्ये या भूमीत आले. हिब्रू बोलती करावयाची तर कोणत्या उच्चाराने, हा प्रश्न लगेच उभा राहिला. आरंभीचे बहुतेक शिक्षक पूर्व युरोपातून आलेले; प्रार्थनेत ते ‘शब्बोस’ म्हणत. तरीही त्यांनी शाळांसाठी सेफार्दी उच्चार पत्करला. जेरुसलेमचे जुने रहिवासी सेफार्दी होते, निरनिराळ्या देशांचे यहुदी बाजारात एकमेकांशी हिब्रू बोलत ती सेफार्दी धाटणीची असे, आणि तो उच्चार अधिक प्राचीन आहे अशी विद्वानांची समजूत होती. गालीलात तर यित्सहाक एप्स्टाइन या शिक्षकाच्या प्रभावाने काही काळ शाळांतून एक वेगळाच ‘गालीली उच्चार’ शिकविला जात होता. काही वर्षांत तो मागे पडला. हाईम नहमान बियालिक यांच्यासारख्या राष्ट्रकवीने आपल्या बहुतेक कविता अश्केनाझी आघातांवर रचल्या होत्या. नव्या उच्चारात त्यांचा ताल बिघडतो, पण शाळेत त्या नव्या उच्चारातच वाचल्या जातात.

मात्र सेफार्दी उच्चार पत्करला तो अर्धाच. स्वर आले, ‘हेत’ आणि ‘आयिन’ यांचे घशातील खोल ध्वनी पूर्व युरोपच्या जिभेला पेलले नाहीत. व्याकरणकारांनी ते शुद्ध ठरविले, नभोवाणीने आपल्या निवेदकांना ते पाळावयास सांगितले, आणि यमनी घराण्यातील मोशे होवाव यांच्यासारख्यांच्या वाणीतून देशाने कित्येक वर्षे बातम्या ऐकल्या. पण तोच ‘हेत’ आणि तोच ‘आयिन’ भाजीबाजारात यमनी किंवा इराकी माणसाच्या तोंडून आला, की त्याला मागासलेला म्हणून हसत. नभोवाणीवर जो उच्चार आदर्श, तोच रस्त्यावर हसण्याचा विषय! परिणामी त्या घरांतील मुलांनी एकदोन पिढ्यांत ते ध्वनी टाकून दिले. आज रस्त्यावरच्या हिब्रूत ‘उद्या’ आणि ‘विकले’ हे दोन शब्द कानाला एकच लागतात. ‘हेत’ आणि ‘खाफ’ यांतील भेद उरला नाही. एरुवीनमधील यहूदाच्या लोकांनी आजचा तेल अवीवचा सफाईदार उच्चार ऐकला असता, तर त्याला त्यांनी गालीलकराच्याच पंक्तीत बसविले असते.

आपली जीभ

१९४८ नंतर आपले लोक येथे आले. लोद, रामला, बेरशेबा, दिमोना, अश्दोद येथे वसले. कोकणात जी बोली शेजाऱ्यांची, तीच येथे ‘होदी’ माणसाची खूण झाली. १९६४ च्या उन्हाळ्यात आपल्या बांधवांनी जेरुसलेमेत धरणे धरले, आणि ऑगस्टमध्ये क्नेसेटने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदी आहेत असे जाहीर केले. हक्काचा प्रश्न तेथे सुटला. कानाचा प्रश्न ठरावाने सुटत नाही.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या हिब्रू उच्चारात खरोखर दोष किती आहे, हे एकदा शांतपणे तपासून पाहावे. त्यांचा ‘रेश’ जिभेच्या टोकाने होतो. व्याकरणकारांनी जो शुद्ध मानला आणि नभोवाणीने पाळला, तो हाच. नातवंडांचा घशातला ‘रेश’ युरोपातून आला. ‘त्सादे’ हे अक्षर तर मराठी माणसाला जन्मतःच येते, कारण ‘चांगला’ आणि ‘चमचा’ यांतील ‘च’ त्याचा सख्खा शेजारी आहे. इंग्रज माणसाला शब्दारंभी तो साधताना अडखळावे लागते. आणि ‘शब्बाथ’, ‘बेथ एल’, ‘मागेन आबोथ’ हे शब्द म्हणताना त्यांच्या तोंडी जो ‘थ’ येतो, त्याला मुले हसतात. पण ‘ताव’ या अक्षराचे कठोर आणि मृदू असे दोन उच्चार प्राचीन काळी होते, आणि यमनी यहुदी वाचनात तो भेद अजून पाळतात. आपला ‘थ’ त्या भेदाचीच आठवण करून देतो. त्याला चूक म्हणण्यापूर्वी आजच्या ‘शब्बात’मध्ये काय हरवले हे पाहावे.

यात हिशेब चुकता करण्याचा हेतू नाही. आपल्या लोकांच्या तोंडी ‘हेत’ कधी ‘ह’ होतो, कधी ‘ख’, हेही खरे आहे. रब्बी हिय्यांच्या पंक्तीला बसण्यात कमीपणा तो कसला?

खरी हानी दुसरीकडे होते. १९६० मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियल येथे वॉलेस लॅम्बर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन्ही भाषा उत्तम येणाऱ्या माणसांकडून एकच मजकूर एकदा इंग्रजीत व एकदा फ्रेंचमध्ये वाचवून घेतला, आणि श्रोत्यांना न सांगता दोन्ही ध्वनिमुद्रणे निरनिराळ्या माणसांची म्हणून ऐकविली. श्रोत्यांनी इंग्रजी आवाजाच्या माणसाला अधिक बुद्धिमान ठरविले. माणूस तोच होता! आणि याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी, की फ्रेंच बोलणाऱ्या श्रोत्यांनीही आपल्याच भाषेच्या आवाजाला खालची पायरी दिली, काही गुणांच्या बाबतीत तर इंग्रज श्रोत्यांहूनही खालची. दुसऱ्यांनी केलेली अवहेलना माणूस हळूहळू स्वतःच्या कानात साठवून घेतो, तो असा.

आपल्याकडे हे रोज दिसते. कुपत होलीमच्या खिडकीशी आजी नातवाला पुढे करते आणि आपण मागे उभी राहते. दुखणे तिचे, बोलणे नातवाचे. शेजारीण आली की ती मराठीत हाक मारता मारता थांबते. सेदेरच्या मेजावर हग्गादाचा आपला भाग ती तरुणांकडे सरकवते. असे दहा-पंधरा वर्षे चालले, की घरातले एक माणूस मुके होते आणि त्याबरोबर त्याच्याजवळचे शब्दही जातात : बिरड्याचे, मलिद्याचे, घाण्याचे, भरती-ओहोटीचे, हळदी-मेंदीच्या गाण्यांचे. नातवंडे मोठी होऊन आपले मूळ शोधू लागतात, तेव्हा विचारावयाचे कोणाला?

म्हणून वाचकबंधुभगिनींना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, वडील माणूस बोलत असता त्याचा उच्चार मध्येच सुधारू नये. अर्थाचा घोटाळा होत असेल तर जरूर सांगावे. अर्थ कळत असेल तर ऐकून घ्यावे. दुसरी, शब्बाथच्या किद्दुशची आणि सेदेरच्या वाचनाची पाळी त्यांच्याकडून काढून घेऊ नये, आणि ते वाचतील तसे वाचू द्यावे. तिसरी, घरातील वृद्धांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवावे. आता त्यासाठी खिशातला टेलिफोन पुरतो. त्यांना शुद्ध मराठीत बोला म्हणून सांगू नये. शुद्ध मराठी पुस्तकांत मिळेल. रेवदंड्याची, पेणची, पनवेलची मराठी त्यांच्याच तोंडी आहे.

नवी हिब्रू मुलांनी अवश्य चांगली शिकावी, ती या देशाची आणि आपलीही भाषा आहे. ती शिकण्यासाठी आजीच्या ‘थ’ला हसण्याची मात्र गरज नाही. यार्देनेच्या उतारावर दोन भाऊ उभे होते आणि त्यांच्यात एका अक्षराचे अंतर होते. आपल्या घरात तेवढेच अंतर आहे, आणि उतारावर पहारा आपलाच आहे.